हिवाळ्यात उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलसाठी बॅटरी चार्जर कोणता घ्यावा?

निवांतचाक

थंडीचे चार महिने गाडी शेडमध्ये उभी राहणार आहे. बॅटरी १२ व्होल्ट, १० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता), मेंटेनन्स-फ्री, वायटीएक्स१२-बीएस मापाची. शेडमध्ये प्लग आहे, पण रात्री तापमान शून्याखाली जातं. गाडीला अलार्म बसवलेला आहे.

शंका अशा: कारसाठीचा १० अँपचा जुना चार्जर पडून आहे, तोच लावला तर चालेल का? डब्यांवर ट्रिकल, मेंटेनर, स्मार्ट असं काय काय लिहिलेलं असतं, त्यात खरा फरक काय? चार्जर चार महिने सतत लावून ठेवायचा की महिन्यातून एकदा? आणि बॅटरी काढून घरात आणायची की गाडीतच राहू द्यायची?

सहासेल

१० अँपचा अजिबात लावू नका. मोटरसायकलच्या लेड-ॲसिड बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहावा भाग करंट मानवतो. या मापाच्या बॅटरीच्या अंगावर बहुतेक वेळा छापलेलंच असतं: १.२ अँप, ५ ते १० तास. त्याच्या आठपट करंट आत ढकलला की प्लेटा तापतात आणि पाण्याचा गॅस होतो. मेंटेनन्स-फ्रीमध्ये दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडून तो गॅस निघून जातो. एकदा गेलेलं पाणी परत घालायला तिथे झाकणच नसतं. कडेने फुगलेल्या बॅटऱ्या दिसतात त्यातल्या बऱ्याचशा अशाच जास्त चार्ज झालेल्या असतात.

आता शब्दांबद्दल. जुन्या पद्धतीचा ट्रिकल चार्जर म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाकी काही नाही. बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. करंट थोडाच असतो, पण तो वाहतच राहतो आणि चार दिवसांनी टर्मिनलवर १५-१६ व्होल्ट दिसतात. चार महिन्यांत बॅटरी आतून कोरडी.

मेंटेनर तीन टप्प्यांत चालतो. आधी ठरावीक करंट देऊन व्होल्टेज १४.४ ते १४.७ पर्यंत नेतो. मग व्होल्टेज तिथेच धरतो आणि करंट आपोआप उतरत जातो. करंट अगदी थोडा राहिला की १३.२ ते १३.८ वर येऊन थांबतो, याला फ्लोट म्हणतात. काही चार्जर फ्लोट न देता पूर्ण बंद होतात आणि बॅटरी १२.८ च्या खाली आली की पुन्हा सुरू होतात. दोन्ही पद्धती चालतात.

स्मार्ट हा शब्द डब्यावर कुणीही छापू शकतं. म्हणून पुढची बाजू सोडा, मागचं लेबल वाचा. कमाल व्होल्टेज आणि फ्लोटचं व्होल्टेज असे दोन आकडे तिथे किंवा माहितीपत्रकात हवेतच. ज्या चार्जरवर फक्त '१२ व्होल्ट १ अँप' एवढंच लिहिलंय तो परत ठेवा.

तुमच्या बॅटरीला ०.८ ते १.५ अँपचा कुठलाही नीट मेंटेनर पुरतो. सीटेक एक्सएस ०.८, नोको जीनियस १, ऑप्टिमेट ४, बॅटरी टेंडर ज्युनिअर हे सगळे याच गटातले. यांच्यात निवड करंटवरून करायचीच नाही. बॅटरीचा प्रकार कोणता, वीज गेल्यावर चार्जर काय करतो आणि सोबत कुठल्या वायरी येतात, हे तीन प्रश्न विचारा.

ओहम

सहासेल यांच्याशी सहमत. वीज जाण्याचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण हिवाळी साठवणीत सगळ्यात जास्त घात तिथे होतो.

ज्या चार्जरवर मोड बटण आहे त्यातले काही वीज परत आल्यावर स्टँडबायला जातात. कुणीतरी बटण दाबेपर्यंत ते नुसता एक दिवा दाखवत बसतात, चार्ज करत नाहीत. त्यातून काही चार्जर बंद असताना उलट बॅटरीतूनच थोडा करंट ओढतात. मग तीन आठवड्यांनी चार्जर लावलेलाच असतो आणि बॅटरी मात्र उतरलेली असते. घेतल्या दिवशीच तपासा: चार्ज चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा. चार्जर आपल्या आपण पूर्वीच्याच मोडवर आला तर तो सोडून जाण्याजोगा. नाही आला तर दर आठवड्याला जाऊन बघावं लागेल.

दुसरं, अलार्म. तो किती खातो हे मोजल्याशिवाय सतत लावायचं की अधूनमधून, हे ठरवता येत नाही. मोजायची रीत:

चावी बंद करा. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवा. मल्टिमीटरची लाल प्रोब १० अँपच्या भोकात घाला, मिलिअँपच्या नव्हे. लाल टोक सोडवलेल्या वायरीला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर) आणि अलार्म जागे होतात. पाच-दहा मिनिटं टोकं न हलवता थांबा. आकडा स्थिरावला आणि अगदी लहान असला तरच मिलिअँपच्या रेंजवर जा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच. मीटरचा फ्यूज क्षणात उडतो.

साध्या गाडीत घड्याळ आणि ईसीयू मिळून १ ते ३ मिलिअँप. अलार्म किंवा ट्रॅकर असेल तर ५ ते २० सहज. हिशोब सोपा आहे, १ मिलिअँप सतत वाहिला तर महिन्याला ०.७२ एएच. या शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते. एजीएम (तुमच्यासारखी मेंटेनन्स-फ्री, जिच्यात ॲसिड काचेच्या चटईत शोषलेलं असतं) महिन्याला १ ते ३ टक्के, पाणी घालायची बॅटरी ४ ते ६ टक्के, उष्णतेत जास्त.

अलार्म नसताना आकडा मोठा आला तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचं (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या भागाचं) कनेक्टर काढून पाहा. आकडा पडला तर त्याच्यातला डायोड गळतोय. अशा गाडीला चार्जर लावून ठेवणं म्हणजे दुखणं झाकणं.

निवांतचाक

मोजतो. पण बॅटरी गाडीत ठेवून चार्जर लावला तर ईसीयूला धोका नाही ना? आणि सीट रोज कोण उघडणार?

तांब्याचीतार

१४.७ व्होल्टपर्यंत ईसीयूला काही होत नाही, गाडी चालू असताना तिला १४ च्या वरच मिळत असतं. धोका आहे तो काही चार्जरच्या १५.८ किंवा १६ व्होल्टच्या 'रिकंडिशन' मोडचा. तो वापरायचाच असेल तर बॅटरी गाडीपासून सोडवून, आणि तोही फक्त पाणी घालायच्या बॅटरीला.

सीट रोज उघडायला नको म्हणून कायमची शेपटी बसवून घ्या. शेपटी म्हणजे एका टोकाला दोन गोल लग (बोल्टखाली बसणाऱ्या कड्या), दुसऱ्या टोकाला चपटं दोन पिनांचं एसएई कनेक्टर आणि लाल वायरीवर फ्यूज. बहुतेक मेंटेनरसोबत ती येतेच. बसवताना घाई केली की पुढचं असं होतं.

या मापाच्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये चौकोनी नट नुसता खाचेत बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो. बोल्ट काढला की नट खाली सरकतो. वरून लग ठेवून बोल्ट घातला तर तो रिकाम्या भोकात फिरत राहतो, आणि लोक पाना आणखी जोरात दाबतात. त्यापेक्षा फोमचा किंवा रबराचा छोटा तुकडा नटाखाली कोंबा, नट वर उचललेला राहतो आणि बोल्टचे पहिले दोन आटे हाताने लागतात. हाताने लागले नाहीत तर पाना लावूच नका, टर्मिनल शिशाचं असतं, आटे जातात.

गाडीची जाड वायर आधी, टर्मिनलला चिकटून. शेपटीचा बारीक लग तिच्यावर. उलटं केलं तर सेल्फचा शंभरेक अँपचा करंट त्या बारीक लगमधून जातो आणि तिथे गरम होतं. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना आधी पॉझिटिव्ह. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल तर थेट शॉर्ट.

फ्यूज ७.५ अँपचा पुरतो. पॉझिटिव्हच्या लगपासून तो जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून फ्रेमला लागली तर तिला वाचवणारं काही नाही. वायर हँडलच्या वळणात किंवा सीटच्या कडेखाली दबणार नाही अशी फिरवा.

एसएई कनेक्टरमध्ये बॅटरीकडच्या बाजूची उघडी पिन निगेटिव्ह असते, पॉझिटिव्ह रबराच्या आत झाकलेली. दुसऱ्या कंपनीची शेपटी असेल तर जोडण्याआधी मीटरने बघा. सोलरच्या काही वायरींमध्ये हे उलटं असतं. वापर नसताना टोपी घाला आणि तोंड खाली ठेवा, पाणी साठत नाही.

भरलेलीटाकी

डॅशबोर्डजवळच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून चार्ज करायचा विचार असेल तर आधी तपासा की चावी बंद असताना ते सॉकेट जिवंत राहतं का. बऱ्याच गाड्यांत ते चावीबरोबर बंद होतं. कॅन-बसच्या (कंट्रोलर एकमेकांना जोडणारं नेटवर्क असलेल्या) बीएमडब्ल्यू गाड्यांत तर गाडीचा कंट्रोलर थोड्या वेळात सॉकेट बंद करतो, त्यासाठी कॅन-बस समजणारा चार्जरच लागतो. नाहीतर शेपटी थेट बॅटरीला.

सहासेल

शून्याखालच्या तापमानाचं राहिलं होतं.

थंड बॅटरीला भरायला जास्त व्होल्टेज लागतं. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडला दर अंशामागे साधारण २० ते २४ मिलिव्होल्ट. सगळे आकडे २५ अंशांना दिलेले असतात, म्हणजे ० अंशांना अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त हवं. तापमान ओळखणारा चार्जर हे स्वतः जमवतो. न ओळखणारा चार्जर गारठलेल्या शेडमध्ये बॅटरी पुरती न भरताच हिरवा दिवा लावतो. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन् महिने तशीच राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे मोठे होत जातात, आणि ते नंतर विरघळत नाहीत. तुमच्या शेडसाठी तापमान भरपाई असलेलाच घ्या, किंवा काहींना 'कोल्ड' मोड असतो तो वापरा. तो मोड उन्हाळ्यात मात्र बंद.

गोठण्याचं म्हणाल तर भरलेल्या बॅटरीचं ॲसिड उणे ५० च्याही खाली द्रवच राहतं. पूर्ण उतरलेलीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे ८-१० च्या आसपास गोठतं आणि डबा तडकतो. गोठलेली बॅटरी चार्जला लावायची नाही. आधी घरात आणून पूर्ण वितळू द्या, डबा तडकलेला नाही हे बघा, मगच.

हलकीगाडी

लिथियमवाल्यांसाठी वेगळं लिहिते, कारण वरचं बरंच त्यांना लागू नाही.

मोटरसायकलच्या लिथियम बॅटऱ्या बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या, चार सेलच्या. कमाल १४.४ ते १४.६ व्होल्ट, भरून विसावल्यावर १३.३ च्या पुढे. तीन गोष्टी सांभाळा. पहिली, सेलचं तापमान शून्याखाली असताना चार्ज नाही. लिथियम धातूच्या रूपात प्लेटवर साचतो, क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट व्हायची शक्यता वाढते. दुसरी, डिसल्फेशनचे (सल्फेट फोडण्याचे) पल्स देणारा चार्जर नाही. पल्सचं व्होल्टेज वर जातं आणि बीएमएस (बॅटरीतलं रक्षक सर्किट) बॅटरीची जोडणी तोडते किंवा स्वतःच जळते. तिसरी, सतत फ्लोटची तिला गरजच नाही. महिन्याला दोन-तीन टक्के उतरते एवढंच. निगेटिव्ह वायर काढा, ७०-८० टक्क्यांवर ठेवा, दोन महिन्यांनी एकदा बघा. वायर न काढता अलार्मसकट ठेवली तर तीही खाली जाईल, आणि लिथियम एकदा फार खाली गेली की परत येत नाही.

व्होल्टवरून तिची पातळी नेमकी कळत नाही. मधल्या पट्ट्यात आकडा १३.१-१३.२ वरच चिकटून राहतो.

ओहम

जेलबद्दलही एक ओळ. खऱ्या जेल बॅटरीला १४.१ ते १४.४ च्या वर द्यायचं नाही, जेलमध्ये गॅसच्या पोकळ्या होतात आणि त्या बुजत नाहीत. मोटरसायकलवर 'जेल' लिहिलेल्या पुष्कळ बॅटऱ्या प्रत्यक्षात एजीएमच असतात. छापलेलं चार्जिंगचं व्होल्टेज पाहून ठरवा, नावावरून नको.

उन्हातलीतार

ज्यांच्या शेडमध्ये प्लग नाही त्यांनी काय करावं? सोलरचं छोटं पॅनल चालेल?

तांब्याचीतार

५ वॅटचं चालेल, पण मधे कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टच्या पॅनलचं मोकळं व्होल्टेज १८ ते २२ असतं, थेट जोडलं तर बॅटरी १५ च्या वर जाते. आणि हिवाळ्यात ऊन थोडं, कोन तिरका, शेडच्या खिडकीची काच मळकी. ५ वॅटमधून दिवसाला तासाभराच्या पूर्ण उन्हाइतकंच मिळालं तर ०.३ एएचच्या आसपास हाती लागतं. घड्याळाला पुष्कळ, मोठ्या अलार्मला अपुरं.

प्लग नसेल तर सरळ बॅटरी काढून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याला व्होल्ट बघा. १२.५ च्या खाली आली की एक रात्र चार्ज. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असं अजून सांगितलं जातं. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. फक्त टर्मिनल आणि वरची बाजू कोरडी पुसून ठेवा, ओली धूळ दोन्ही टर्मिनलच्या मधे करंट वाहू देते.

भरलेलीटाकी

आठवड्यातून एकदा गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर ठेवणं हा चार्जरला पर्याय नाही. आयडलला अल्टरनेटर थोडंच देतो, त्यातलं हेडलाइट, पंप आणि रेडिएटरचा पंखा खातात. वर सायलेन्सर आणि ऑइलमध्ये पाणी जमतं, कारण इंजिन ते उडवण्याइतकं तापतच नाही. चार महिने उभी ठेवायची तर चालू करूच नका.

पाणी घालायची बॅटरी असेल तर आधी चार्ज, मग डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेषेपर्यंत. चार्ज होताना पातळी थोडी वर येते, आधीच भरलं तर ॲसिड नळीतून बाहेर येऊन चेन आणि फ्रेम खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढंच पाणी आधी. आणि गॅसची नळी दुमडलेली नाही ना ते बघा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, म्हणून कव्हर पूर्ण झाकून चार्जर लावू नका, आणि चिमटे लावताना-काढताना भिंतीवरचं बटण बंद.

निवांतचाक

मोजलं. चावी बंद, दहा मिनिटांनी १४ मिलिअँप. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.४५. तापमान भरपाईवाला ०.८ अँपचा मेंटेनर आणला, शेपटी फोमच्या तुकड्याने व्यवस्थित बसली. वीज बंद-चालू करून पाहिली, आपोआप सुरू होतो. फक्त एक खटकतंय, लावल्यापासून ४० मिनिटांत हिरवा दिवा आला. फ्लोटला १३.६ दाखवतोय.

ओहम

१४ मिलिअँप म्हणजे दिवसाला ०.३४ एएच, ३० दिवसांत १० एएच. बॅटरी नवी असती तरी महिन्यात तळ गाठला असता. तुमच्याकडे महिन्यातून एकदा चार्ज हा पर्यायच नाही. एकतर मेंटेनर सतत, नाहीतर निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा.

सहासेल

फ्लोट बरोबर आहे, चार्जर चांगला आहे. हिरवा दिवा मात्र फार लवकर आला. १२.४५ ला एजीएम साधारण दोन-तृतीयांश भरलेली असते, म्हणजे तीनेक एएच आत जायला हवेत. ०.८ अँपने त्याला चार तास आणि वरचा टप्पा धरून सहा-सात तास लागतात. ४० मिनिटांत जेमतेम अर्धा एएच गेला. इतक्या लवकर १४ च्या वर पोहोचणारी बॅटरी म्हणजे जिच्या प्लेटांचा बराच भाग सल्फेटने बंद झालाय. चार्जरला फक्त व्होल्ट दिसतात, त्याने आपलं काम केलं. याच्या उलट, दिवा दोन दिवस लालच राहिला, बॅटरी कोमट लागली आणि विसावल्यावर १०.५ च्या आसपास आली, तर एक सेल शॉर्ट आहे.

नक्की करायचं असेल तर असं करा. रात्रभर चार्जरवर ठेवा. काढून बारा तास विसावू द्या, लगेच मोजलेला आकडा फुगलेला असतो. चांगली एजीएम १२.८ च्या वर राहते. मग बॅटरी बाहेर काढून ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब थेट जोडा, बल्ब तापतो म्हणून विटेवर किंवा पत्र्यावर ठेवा. करंट साडेचार अँपच्या आसपास जाईल. दर पाच मिनिटांनी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट लिहीत जा. धडधाकट १० एएच बॅटरी अर्ध्या तासानंतरही बल्बसकट १२ च्या जवळ असते. दहा-पंधरा मिनिटांत ११ ला आली तर तिथेच थांबवा, लगेच चार्जला लावा आणि बदलायची तयारी ठेवा.

निवांतचाक

केलं. विसावल्यावर १२.६८. बल्ब लावल्यावर पाच मिनिटांनी ११.९, दहाला ११.५, चौदाव्या मिनिटाला ११.०. बंद केलं. म्हणजे नवीच घ्यावी लागणार. आत्ता घेऊ की हिवाळा संपल्यावर?

सहासेल

संपल्यावर घ्या. आता घेतली तर चार महिने नुसती फ्लोटवर बसेल. जुनी गाडीत राहू द्या, निगेटिव्ह सोडवून ठेवा आणि तिला महिन्याला एकदा मेंटेनर लावा, म्हणजे गोठून फुटणार नाही. अलार्म चालू हवाच असेल तर मेंटेनर सतत ठेवा, पण आठवड्याला हात लावून बघा. गरम लागली की सोडवा.

नवी -बीएस प्रकारची असेल तर ॲसिड वेगळ्या पॅकमध्ये येतं. ते पूर्ण ओतून अर्धा तास मुरू द्या, झाकणपट्टी नुसती ठेवा, दाबू नका. मग ०.८ अँपच्या याच चार्जरने पूर्ण भरा, हिरवा दिवा येईपर्यंत. त्यानंतर पट्टी दोन्ही हातांनी सारख्या जोराने दाबून पक्की बसवा, ती पुन्हा उघडायची नसते. चार्ज न करता थेट गाडीत टाकलेली -बीएस बॅटरी पुरती भरत नाही, आणि तिची पहिली क्षमता पुढे कधीच मिळत नाही.